खंडव्याचे घुंगरू

भुसावळला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला दारातच उभं केलं. दार सताड उघडं. समोर खुर्चीत पायजमा-बनियनमधले एक धिप्पाड गृहस्थ कानांवर हेडफोन चढवून, दोन्ही पाय पाण्याच्या टबात सोडून बसलेले. मला पाहिलं आणि हाताचा पंजा वर केला. थांबा म्हणे. मे महिना, भुसावळचं ऊन, तोंडाला बांधलेला स्कार्फ, हातात जड बॅग, आणि हे बाबा डोळे मिटून मान हलवताहेत! मनात म्हटलं, गेलं खड्ड्यात ते भुसावळ आणि गेली ती नोकरी, संध्याकाळच्या एसटीनं धुळ्याला परत जावं. तेवढ्यात त्यांनी हेडफोन काढला, पाय पुसले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "हं. आता बोल. चालत्या गाडीतून मी उतरत नसतो."

हे नाना. रेल्वेत टीसी होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण टीसीपण काही रिटायर झालं नव्हतं. गाणं लागलं म्हणजे गाडी सुटली, आणि शेवटचा सूर संपेपर्यंत उतरायचं नाही, हा त्यांच्या घरचा कायदा. कुरिअरवाला येवो, मीटर रीडिंगवाला येवो, पंजा वर. गॅस सिलिंडरवाला एकदा असाच थांबला, थांबून थांबून सिलिंडरवरच बसला, आणि नानांनी त्याच्याही कानाला हेडफोन लावून दिला. नंतर तो माणूस आमच्या गल्लीत शेवटी यायला लागला, म्हणजे त्याला निवांत बसता येई. गल्लीतल्या बायकांनी नानींकडे तक्रार केली की तुमच्या नानांपायी आमची सिलिंडरं उशिरा येतात.

नानी फैजपूरच्या. केळीच्या बागांतलं माहेर, त्यामुळे घरात केळीचा घड कायम लटकलेला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक तरी केळं खाल्ल्याशिवाय सुटका नाही. गाण्याबिण्याशी आपला काही संबंध नाही असं त्या दिवसातून एकदा तरी जाहीर करत. "कायची गाणी न कायचं काय! मले बाई डोकं दुखते त्यानं." असं म्हणत म्हणत त्या नानांच्या टबात गार पाणी ओतून जात.

मी धुळ्याची आहे हे कळल्यावर नाना एकदम खुलले. त्यांचं मूळ गाव शिरपूरकडचं. उभी हयात रेल्वेच्या हिंदीत आणि भुसावळच्या बोलीत गेली, पण आनंद झाला किंवा डोकं सटकलं की आतून अहिराणी उसळायची. माझ्याशी ते हक्कानं अहिराणी बोलत आणि मी चुकीची उत्तरं दिली की, "धुयानी पोर अन् असं बोलस?" म्हणून मला झापत.

पहिल्या आठवड्यातच आमची जुंपली. मी जिन्यातून मोबाईलवर गाणं ऐकत उतरत होते. नानांनी मला थांबवलं. थांबवण्याची पद्धतही खास टीसीची, रस्ता अडवून उभं राहायचं आणि हात पुढे करायचा.

"गाणं कुठून घेतलं?"

"ॲपवर आहे नाना. महिन्याचे पैसे भरते मी. रीतसर."

"म्हणजे पास."

"हो, पास म्हणा."

"पास संपला की?"

"परत काढायचा."

"अन् नाही काढला तर?"

"तर बंद पडतं."

"मग गाणं कोणाचं झालं?" नानांनी विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "पासवाल्याला मी कधी वाईट म्हणलो नाही. पासवाला इज्जतदार माणूस. फक्त त्यानं डब्याला आपलं घर समजू नये. आता ते जाहिराती ऐकत ऐकत फुकट गाणं ऐकतात ना, त्या बठ्ठा विदाउट शेतस! सगळे बिनतिकीट!"

मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "नाना, वरची खोली तुम्ही भाड्यानं देता आणि भाड्याचं गाणं तेवढं चालत नाही होय?"

नाना जरा विचारात पडले. मला वाटलं, जिंकले! पण छे. म्हणाले, "तुझ्या खोलीची खिडकी मी तुला न विचारता काढून नेली का कधी? तुझ्या त्या ॲपवरची गाणी अशी एकेक गायब होत नाहीत? खरं सांग."

खरं सांगायचं तर माझं एक आवडतं गाणं आदल्याच महिन्यात तसं गेलं होतं. नाव दिसायचं फिकट राखाडी अक्षरात, दाबलं तर वाजायचं नाही. पण हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी जिन्यातच सत्यनारायण घातला असता. मी भराभर खाली उतरले.

त्यांची स्वतःची गाणी सगळी विकत घेतलेली. ड्युटीवर गाडी ज्या स्टेशनात थांबेल तिथल्या फलाटावरून कॅसेट घ्यायची, ही नोकरीभरची सवय. पुढे कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या, तेव्हा नानांनी सगळा माल एका पोराकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि एका चपट्या, काडेपेटीएवढ्या प्लेअरमध्ये भरला. त्या प्लेअरला ना सिम, ना वायफाय. "याला बाहेरच्या जगाची काही गरज नाही," असं नाना कौतुकानं सांगत, जसं कोणी आपल्या गुणी मुलाबद्दल सांगतं. मूळ कॅसेट एका लोखंडी पेटीत कापूर घालून ठेवलेल्या.

आणि नावं! नानांच्या गाण्यांना गायकाचं, कवीचं नाव नव्हतंच. ज्या स्टेशनावर घेतलं ते नाव. अकोला. बडनेरा. इटारसी. मनमाड दुसरं. सुरतचं पावसाळी. गल्लीत एका लग्नाची हळद होती, तिथल्या पोरांनी विचारलं, "नाना, नाचायला कोणतं लावू?" नाना म्हणाले, "अकोला लाव, लोकं ऐकणार नाहीत, नुसतं नाचतील. जेवणं झाली की बडनेरा." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. नाना स्वतः जाऊन प्लेअर जोडून आले, आणि खरोखर अकोल्यावर अशी काही धमाल झाली म्हणता, नवरदेवाची आत्या गुडघ्याचा पट्टा काढून नाचली.

पुण्याच्या जावयानं एकदा त्यांना तो बोलणारा डबा आणून दिला, तोंडानं सांगितलं की गाणं लावतो तो. जावई मोठ्या हौसेनं म्हणाले, "नाना, काहीही मागा." नाना डब्यापुढे ताठ बसले आणि म्हणाले, "खंडवा लाव." डब्यानं खंडव्याचं तापमान सांगितलं. नाना म्हणाले, "तापमान नको बापा, घुंगरूवालं." डब्यानं घुंगरू कुठे विकत मिळतील ते सांगितलं. नानांनी जावयाकडे बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, पाहुणा चांगला शे, पण याच्या गाठीला काही नाही." जावई पुण्याला गेल्यावर नानींनी त्या डब्यावर लोणच्याची बरणी ठेवली. बूड अगदी बेतशीर बसलं.

तर हे खंडवा. नानांच्या सगळ्या गाण्यांचा राजा. खंडव्याच्या फलाटावर घेतलेली कॅसेट, वरचा कागद कधीच गळून पडलेला, गाणारी बाई कोण, कुठली, कोणालाच ठाऊक नाही. मी ते माझ्या मोबाईलवर शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. गुणगुणून बघितलं, शब्द टाकून बघितले. नाही म्हणजे नाही. जगात ते फक्त नानांकडे होतं असं म्हणायला हरकत नाही. गाण्याच्या मध्यावर ती बाई एकदम थांबते, ढोलकी थांबते, पेटी थांबते, आणि नुसते घुंगरू वाजतात. आधी लांबून, मग जवळून, मग जणू आपल्याच अंगणात. आणि ढोलकी परत येते. ती जागा आली की नाना हाताची बोटं मांडीवर नाचवत आणि पायाखालचं टबातलं पाणी फरशीभर उडे. मलाही त्यांनी ते ऐकवलं होतं, गेल्या गेल्या. सामान लावायच्या आधी.

मी भुसावळला काय काम करत होते ते सांगायचं राहिलंच. कानाच्या डॉक्टरांकडे ऐकण्याची तपासणी करायचं. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन, आणि मी बाहेरून मशीनवर बारीक-मोठे आवाज सोडायचे. आवाज आला की त्यानं बोट वर करायचं. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशा बोटावर माणसं किती चिडतात, किती रडतात, किती खोटं बोलतात! ऐकू येत नाही हे माणसाला सांगणं म्हणजे त्याला शिवी दिल्यासारखं वाटतं. "मशीन बिघडलंय तुमचं," हे तर मी रोज ऐकायचे.

दुसऱ्या उन्हाळ्यात नाना मला म्हणाले, "यंदा भुसावळचे डास सुधारले बरं का. गुणगुणत नाहीत. शांतपणे येतात, चावतात, जातात."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. कारण डास तेच होते. माझ्या कानाशी रोज तशीच सतार छेडत होते.

मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. नानांनी कुकरची शिट्टी बदलून आणली, जुनी म्हणे वाजत नाही. नवी आणली, तीही वाजत नाही म्हणून दुकानदाराशी भांडून आले. नानी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, तीन शिट्ट्या झाल्या!" आणि नाना म्हणायचे, "मनातल्या मनात झाल्या का?" मालगाडीचा भोंगा, ढोलकी, माझा आवाज, सगळं स्वच्छ ऐकू यायचं त्यांना. फक्त वरचे, बारीक, किणकिणते आवाज गळत चालले होते. वयानं असंच होतं. वरची पट्टी आधी जाते.

माझं काम मला घरी आणायचं नव्हतं. पण गोष्ट तिथे थांबली नाही. एका दुपारी नानांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "खंडवा झिजलं."

"काय झिजलं?"

"खंडवा. घुंगरू पुसत चाललेत. सहा महिन्यांमागे लांबून तरी येत होते, आता येतच नाहीत. बाई थांबते, ढोलकी थांबते, अन् मग नुसतं रिकामं." त्यांनी प्लेअर तळहातावर घेतला. "वापरली की वस्तू झिजायचीच. पायरी झिजते, पोळपाट झिजतो. कॅसेट तर माझ्या डोळ्यांदेखत झिजल्या. भाड्याचं गाणं झिजत नाही, कारण ते कोणाचंच नाही. माझं झिजतंय, कारण माझं शे."

बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि त्या दुःखाच्या आत जरा अभिमानही होता. आणि मग त्यांनी जे केलं ते भयंकर होतं. त्यांनी खंडवा रिटायर केलं. म्हणजे काय, तर वाजवायचं नाही. उरलंसुरलं जपून ठेवायचं. आठ दिवसांनी इटारसीतली बासरी झिजली, म्हणून इटारसी रिटायर. मग मनमाड दुसरं. मग सुरतचं पावसाळी, कारण त्यातले पाखरांचे आवाज गेले. गाणी वाचवायची म्हणून नाना गाणी ऐकायचेच बंद झाले! दुपारी टबात पाय सोडून बसत, हेडफोन गळ्यात, आणि प्लेअर बंद. सिलिंडरवाला आला की नुसता सिलिंडर ठेवून जाई. घर कसं मेल्यासारखं झालं. मला आवडलंच नाही ते.

मी नानींना जिन्यात गाठून सगळं सांगितलं. म्हटलं, गाणी ठणठणीत आहेत, नानांचे कान थकलेत, डॉक्टरांना दाखवू या. नानींनी हातातलं केळ्याचं साल घडी घालावी तसं दुमडलं.

"त्याहिले सांगू नको बाई," त्या म्हणाल्या. "आता निदान वाटते त्याहिले की गाणं म्हातारं झालं. आपणच झालो असं समजलं तर हाय खातील. त्या माणसाचं दुसरं काय आहे?"

"पण नानी, असंही ते ऐकत नाहीयेत."

"मले समजते गं. पण तू नको सांगू."

झालं. सांगावं तर माणूस खचणार, न सांगावं तर पेटीला कुलूप लावून बसणार. मी रोज लोकांना तोंडावर सांगायचे की तुमचा उजवा कान गेला, डावा अर्धा आहे. आणि या एका माणसाला सांगायची वेळ आली तर मी जिन्यातच नजर चुकवून वर पळायचे. मला ते फार आवडत होते, दुसरं काही नाही.

आणि एक दिवस काय व्हावं? दुपारची वेळ, दवाखान्यात गर्दी नव्हती, आणि दारात नाना! इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले, हातात पिशवी. म्हटलं, नानींनी सांगितलं वाटतं.

"पेशंट आणलाय," नाना म्हणाले.

"कोण?"

त्यांनी पिशवीतून प्लेअर काढून माझ्या टेबलावर ठेवला. "हे. तुझ्याकडे आवाज तपासायचं मशीन शे म्हणे ना? मग याला तपास. खंडवा किती झिजलं, किती उरलं, मला खरं काय ते सांग. उपाय असला तर करू. नसला तर नसला. पण अंधारात ठेवू नको."

अहो, लोक आईला आणतात, बापाला आणतात, तान्ह्या बाळाला आणतात. गाण्याला तपासायला घेऊन आलेला माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि त्यांचाच हेडफोन माझ्या कानांना लावला. नाना माझ्या चेहऱ्याकडे असे बघत होते जसे डॉक्टर एक्स-रे वर धरतात तेव्हा नातेवाईक बघतात.

खंडवा सुरू झालं. बाई गायली. थांबली. ढोलकी थांबली. आणि घुंगरू आले. लांबून, मग जवळून, मग अगदी अंगणात. एकेक दाणा सुटा, लख्ख, जसा मी पहिल्या दिवशी ऐकला होता तसा.

आता काय करायचं? खोटं बोलणं सोपं होतं. "थोडं झिजलंय नाना, पण चालेल," एवढं म्हटलं की काम भागलं असतं. पण त्यांनी मला अंधारात ठेवू नको म्हणून सांगितलं होतं, आणि समोर टीसी बसलेला होता.

"नाना," मी म्हटलं, "घुंगरू आहेत."

"नाहीत."

"आहेत. सगळे आहेत. आत्ता वाजले."

"असूच शकत नाहीत. मी काल ऐकलं चोरून. एक नाही."

"नाना, तुम्ही त्या काचेच्या खोलीत बसा जरा. मी आवाज सोडते. ऐकू आला की बोट वर करायचं."

त्यांना तिथेच कळलं असावं, कारण वाद न घालता उठले आणि आत जाऊन बसले. मी जाडे आवाज सोडले, बोट वर. मधले सोडले, बोट वर. मोठ्या तत्परतेनं, जसं काही हजेरी चालू आहे. मग मी वर वर चढत गेले, आणि बोट मांडीवरच राहिलं. आवाज मोठा केला. बोट मांडीवर. आणखी मोठा केला, तेव्हा कुठे जरासं हललं. काचेतून ते शहाण्या मुलासारखे वाट बघत होते की आता आवाज येईल, आता येईल. माझ्याच्यानं बघवेना.

बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. न चुकवता. वरचे बारीक आवाज कमी झालेत, दोन्ही कानांत सारखेच, वयानं होतं, कानाचं मशीन लावलं की पुष्कळ फरक पडेल. डास, कुकर, पाखरं, बासरी, घुंगरू, सगळं त्याच्यामुळेच. बोलून झाल्यावर मी त्यांच्याकडे बघायची हिंमत केली नाही, टेबलावरची वायर गुंडाळत बसले.

"म्हणजे," नाना सावकाश म्हणाले, "गाण्याला काही झालं नाही?"

"नाही नाना."

"खंडवा?"

"ठणठणीत आहे."

"इटारसी? सुरतचं पावसाळी?"

"सगळी जशीच्या तशी. अशी गाणी झिजत नसतात हो. तुम्ही हजारदा वाजवलीत तरी."

नाना उभे राहिले. मी घाबरले. आणि तो धिप्पाड माणूस दोन्ही हात वर करून दवाखाना दणाणेल असा ओरडला, "बठ्ठा गाना साबूत शेतस! साबूत शेतस व माय! मना कान गयात ते जाऊ दे, गाना ते शेतस!"

डॉक्टर आतून धावत आले. बाकावरचा एक पेशंट, ज्याला खरोखर काहीच ऐकू येत नव्हतं, तोही दचकून उभा राहिला. नाना डॉक्टरांचा हात धरून गदागदा हलवायला लागले, आभारी आहे, फार आभारी आहे. डॉक्टर मला खुणेनं विचारतात, रिपोर्ट काय आला? मी खुणेनं सांगितलं, वाईट. डॉक्टरांना काही टोटल लागेना.

मशीनचं माप तिथेच दिलं. ते यायला वेळ लागणार होता. नानांनी एकच प्रश्न विचारला, "मशीन भाड्याचं का स्वतःचं?" स्वतःचं, म्हटल्यावर समाधानानं मान हलवली.

डॉक्टरांनी मला त्यांच्याबरोबर लवकर घरी पाठवलं, हा माणूस रस्त्यात कुणाच्या गळ्यात पडेल या भीतीनं. नानांनी रिक्षा मिठाईच्या दुकानापुढे थांबवली आणि पेढे घेतले. दुकानदार ओळखीचा. "काय नाना, नातू झाला का?"

"नाही रे. कान खराब निघाले."

दुकानदाराचा पेढे बांधणारा हात तसाच राहिला. गल्लीत तर कहरच झाला. प्रत्येक दारात नाना पेढा ठेवत आणि सांगत, कान खराब निघाले, घ्या पेढा. लोक पेढा हातात धरून माझ्याकडे बघत, की हे काय, अभिनंदन करायचं का सांत्वन? एका काकूंनी दोन्ही केलं. मी हसून हसून जिन्याला टेकले.

नानी दारात उभ्या होत्या. मला बघून त्यांनी डोळे वटारले, म्हणजे सांगितलंस ना शेवटी! मग नानांचा चेहरा बघितला, त्यांनी तोंडात कोंबलेला पेढा कसाबसा गिळला आणि पदर डोळ्यांना लावला.

"कसाले रडस?" नाना म्हणाले. "कान काय, म्हातारपणी जायचेच. मी समजलो होतो, मनी जिंदगीनी कमाई गयी. ती बठ्ठी शे. समजलं का? आता लाव खंडवा. स्पीकरवर लाव, बठ्ठ्यांना ऐकू दे."

"पण नाना," मी म्हटलं, "मशीन येईपर्यंत तुम्हाला घुंगरू ऐकू येणार नाहीत."

"मग तू कशाला शे? तू बस इथं समोर. घुंगरू वाजायला लागले की बोट वर कर. मी बघतो."

म्हणजे आता माझी तपासणी! मी प्लेअर स्पीकरला जोडला आणि नानांच्या समोर फरशीवर बसले. नानी भांडी आवरायची सोडून दाराच्या चौकटीला टेकल्या, आपला काही संबंध नाही असा चेहरा करून. खंडव्याची ती बाई गायला लागली. कित्येक महिन्यांनी त्या घरात गाणं लागलं होतं. नाना डोळे न मिटता माझ्या हाताकडे बघत होते, आणि मी जीव मुठीत धरून बसले होते, चुकायला नको म्हणून. बाई थांबली. ढोलकी थांबली. पेटी थांबली. लांबचे घुंगरू फार बारीक असतात, मी कान टवकारले, आले का, आले का...

माझं बोट उचलायच्या आधीच नानांची नजर माझ्यावरून उडून दाराकडे गेली. मी वळून बघितलं. चौकटीला टेकलेल्या नानींचे डोळे मिटलेले होते आणि त्यांचं बोट वर गेलेलं होतं. घुंगरू जवळ येत गेले तसं ते बोट हवेत हलायला लागलं, एकेक दाणा मोजल्यासारखं, एकही न चुकवता. आणि नाना आपल्या बायकोच्या बोटाकडे बघत, त्याच ठेक्यात, मांडीवर बोटं नाचवत खंडवा ऐकत होते.